भोंग्याची डावी बाजू

चारचौघांत एखाद्याला सदरा काढायला सांगा, कुरकुरत का होईना, काढेल. पण 'आ कर' म्हणून बघा! एकाचे दात किडलेले, दुसऱ्याच्या तोंडाला वास, तिसऱ्याच्या गालात सकाळपासून तंबाखूची गोळी दडवलेली, आणि चौथ्याचं काहीच नसतं, पण तो उगाचच ओठ मिटून उभा. जणू आत सोनं पुरलंय.

तपासणीच्या गाडीला पहिल्या वर्षी हाच अनुभव आला. गाडी एका संशोधन संस्थेची. काम असं, की दरवर्षी त्याच त्याच वस्त्यांत जायचं, त्याच माणसांची तोंडं बघायची, आणि तोंडाचा कॅन्सर वेळेत हाती लागला तर किती जीव वाचतात, हे वर्षानुवर्षं पडताळून पाहायचं. कागदावर फार छान. पण प्रत्यक्षात काय, तर गाडी उभी, दार उघडं, दिवा लावलेला, डॉक्टरबाई हातमोजे घालून तयार, आणि समोर माणसं हाताची घडी घालून लांब उभी. गाडीतून अस्वल निघणार असल्यासारखी.

तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला. ड्रायव्हर म्हणजे भोंगा. आईबापांनी ठेवलेलं नाव असेल कुठे तरी, पण ते त्याच्या सासूलाही आठवत नसे. गाडीच्या टपावर भोंगा होता आणि गाडी चालवता चालवता त्यावरून पुकारा करायचं कामही ड्रायव्हरकडेच होतं. एकदा भोंग्याची तार तुटली. हा गडी खिडकीतून मान बाहेर काढून नुसत्या घशाने ओरडला, तर तीन गल्ल्या पलीकडून माणसं धावत आली, 'कोण गेलं, कोण गेलं?' म्हणून. त्या दिवसापासून टपावरचा तो लहान भोंगा आणि चाकामागचा हा मोठा. तुटलेली तार जोडायची पुढे कितीतरी दिवस कुणाला आठवणही झाली नाही.

तर भोंगा उतरला, दाराशी ठेवलेल्या स्टुलावर ऐसपैस बसला आणि गर्दीकडे बघून म्हणाला, "काय रे, घाबरता कशाला? माझ्या तोंडात साप असला तर मला चावेल, तुम्हाला नाही!" आणि त्याने आ वासला. डॉक्टरबाईंनाही नेमकं सुचलं. त्यांनी हातातला छोटा आरसा त्याच्या उजव्या गालात घातला, गाल ओढून धरला, म्हणाल्या, "मामा, जीभ डावीकडे." जीभ डावीकडे गेली, उजवी कड वर आली, दिव्यात लखलखली. "हे बघा सगळ्यांनी. ही गालाची आतली बाजू. ही जिभेची कड. इथे पांढरा चट्टा, लाल डाग, नाहीतर न भरणारी जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी आम्हाला दाखवायची. बघा, लागतंय का मामांना?"

"अं अं," मामा तोंड उघडं ठेवूनच म्हणाले. गर्दी हसली. हसलं माणूस की मऊ पडतं. पाच मिनिटांत रांग लागली.

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. प्रत्येक वस्तीत आधी भोंग्याचं तोंड, मग जगाचं. स्टुलाची जागा ठरलेली, गाडीच्या दाराशी, डावा खांदा पत्र्याला टेकलेला. माणसं उभी राहायची उजवीकडे, म्हणून गालही उजवाच ओढायचा आणि कडही उजवीच दाखवायची. डाव्या बाजूला बघायला होतं कोण? गाडीचा पत्रा! आणि डॉक्टरबाई तरी त्या तोंडात बघत होत्या का? दुकानदार गिऱ्हाइकापुढे कापड उलगडतो तेव्हा त्याची नजर कापडावर असते का? नसते, गिऱ्हाइकावर असते. तसंच ते. आरसा भोंग्याच्या तोंडात आणि डोळे लोकांच्या चेहऱ्यावर. शिवाय गाडीवरची माणसं संस्थेच्या अभ्यासात धरत नसत. असं करत करत ते तोंड सगळ्या मुलखात सर्वांत जास्त वेळा उघडलं गेलं आणि एकदाही तपासलं गेलं नाही.

भोंग्याच्या तोंडाचा इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. ऐन जवानीत तो ट्रकवर होता. झोप उडवायला तंबाखू, आणि ती ठेवायची सवय डाव्या गालात, कारण उजवा हात चाकावरून सुटायचा नाही. संस्थेत लागला त्या दिवशी पुडी गटारात फेकली आणि पुन्हा हात लावला नाही. "सोडली ती सोडली. लग्नसुद्धा मी एवढं मनावर घेतलं नव्हतं," असं तो पुकाऱ्यात सांगायचा. लोकांना वाटायचं, सोडली म्हणजे सुटलो. त्यालाही तसंच वाटायचं.

एके दिवशी दोन वस्त्यांच्या मध्ये, सावलीत गाडी लावून तो संत्रं सोलत होता. पहिलीच फोड तोंडात टाकली आणि जिभेच्या डाव्या कडेला कुणी काडी ओढावी तसं झालं. "आंबट निघालं," तो सिस्टरला म्हणाला. सिस्टर म्हणजे गाडीवरची नर्स, जिभेला हाड नसलेली बाई. तिने एक फोड खाल्ली आणि म्हणाली, "गोड तर आहे की! म्हातारे झालात मामा, आता पेजच खा." तो हसला. पण उरलेलं संत्रं त्याने तिलाच देऊन टाकलं. मग काच पुसायचं निमित्त करून तो गाडीच्या बाजूच्या आरशापाशी गेला, जीभ बाहेर काढून उजवीकडे वळवली.

गव्हाच्या दाण्याएवढं होतं. कडेला पांढरं, मधे लाल, मागच्या दाढेला लागून. त्या दाढेचा एक टवका उडालेला होता. 'दाढ घासतेय,' त्याने स्वतःला सांगितलं. पण असे दाणे त्याने दुसऱ्यांच्या तोंडांत पाहिलेले होते. ज्यांच्या तोंडांत पाहिले होते, त्यांतली काही माणसं पुढच्या वर्षी रांगेत नसायची.

दुपारी पुढची वस्ती आली. त्याने माईक हातात घेतला आणि रोजचं म्हणायला लागला. "जिभेवर, गालात, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर अंगावर काढू नका, हो! अंगावर काढू नका!" रोजचे शब्द, रोजचा सूर. फक्त त्या दिवशी दरेक शब्दाला डावी कड दाढेवर घासत होती आणि टपावरून त्याचाच आवाज त्याच्या अंगावर येत होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढा शहाणा माणूस, डॉक्टरबाईंच्या हाताखाली असून का बोलला नाही? ते समजायचं तर लिलाववाल्याची गोष्ट ऐकायला हवी.

भाजीबाजारात एक लिलाव पुकारणारा होता. त्याचा आणि भोंग्याचा जुना दावा, मोठा आवाज कुणाचा? गाडी बाजारात शिरली की तो टोपल्यांच्या ढिगावर चढून ओरडायचा, "आला रे आला, डबा आला!" आणि भोंगा टपावरून, "कोबी सांभाळ, कोबी!" बाजार पोट धरून हसायचा. पुढे त्या लिलाववाल्याच्या जिभेवर गाडीलाच जखम सापडली. फार उशीर झाला होता. मोठ्या इस्पितळात जीभ जवळजवळ सगळी काढली. माणूस जगला. संस्थेने नंतर दुसरंही काम घेतलं होतं, की उपचार झालेल्या माणसांचं रोजचं जगणं कसं चाललंय ते विचारायचं. गिळताना त्रास होतो का, लोकांत जावंसं वाटतं का, घरचे समजून घेतात का. तर लिलाववाला आला, गाडीत बसला, डॉक्टरबाईंनी विचारलं, त्याने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ओल्या पोत्यातून कुणी बोलावं तसे ते आवाज. एक अक्षर कळेना. बाईंनी भोंग्याला हाक मारली, "मामा, तुमची जुनी ओळख. काय म्हणतायत?"

भोंगा वाकून ऐकू लागला. त्यालाही काही कळलं नाही. पण दोस्ताला 'कळत नाही' म्हणून कसं सांगायचं? त्याने मान डोलावली. "म्हणतायत, बरं आहे. चाललंय."

लिलाववाला बोलायचा थांबला. रुमालाने हनुवटी पुसली आणि भोंग्याकडे नुसता बघत राहिला. रागाने नाही. विहिरीत पडलेला माणूस वर वाकून बघणाऱ्याकडे बघेल, तसा.

ते बघणं भोंग्याच्या मानगुटीवर बसलं होतं. मरणाची भीती त्याला फारशी नव्हती. घाटातून ट्रक चालवलेला माणूस तो. पण जीभ गेली तर उरलं काय? बिनभोंग्याची गाडी.

मग त्याने ताकाला जाऊन भांडं लपवायला सुरुवात केली. दूरच्या रस्त्यावर एक दातांचा डॉक्टर गाठला, दाढ काढून घेतली. तो डॉक्टर म्हणाला, "जिभेवरचं दोन आठवड्यांत भरायला हवं. नाही भरलं तर तपासून घ्या. काम काय करता?" भोंगा म्हणाला, "गाडी चालवतो." कसली, ते बोलला नाही. दाढेची जागा भरली, जखम भरली नाही. आणि इथे त्याने अशी चलाखी केली, की जी त्या कामातल्या माणसालाच सुचावी. दोन आठवडे म्हणजे कुठपासून दोन आठवडे? जेवताना जीभ चावली गेली, म्हणजे जखम नवी झाली, म्हणजे आजपासून दोन आठवडे. चहाने पोळली, आजपासून दोन आठवडे. असे त्याचे दोन आठवडे कधी संपेचनात. आणि ती जखम शहाण्या पाहुण्यासारखी, आवाज न करता, जास्त जास्त जागा घेत बसली.

रोज तो स्टुलावर बसे. रोज आ करी. "मामा, जीभ डावीकडे." डावीकडे नेली की दुखरी कड डाव्या गालात दाबली जाई आणि डोळ्यांत पाणी येई. सिस्टर म्हणे, "बघा, मामा किती मन लावून काम करतात, रडूच येतं त्यांना!" लोक हसत. दिवा थेट तोंडात, डॉक्टर पुढ्यात, आरसा आत, आणि त्याच्यापासून चार बोटांवर ते लपून बसलेलं. त्याला कधी कधी वाटे, आज बाईंची नजर घसरेल, आज त्या बघतील, सुटेन एकदाचा. पण बाईंची नजर गिऱ्हाइकावर.

घरी मात्र निराळी पंचाईत होती.

भोंग्याची बायको यंत्रमागावर. लग्नाआधीपासून त्याच शेडमध्ये. शंभर माग एकदम खडखडतात तिथे कान टिकतात होय? तिचे कान हळूहळू गेले. जवळ ओरडलं तर पुसट काही ऐकू यायचं, तेवढंच. पण मागावरच्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. शेडमध्ये सगळी ओठांवरून बोलतात. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेची गाऱ्हाणी सांगते, आवाज न काढता, आणि मधल्या दहाजणी ती फुकटात वाचतात. त्यामुळे भोंग्याच्या घरी अशी गंमत, की तीन गल्ल्या हादरवणारा हा माणूस घरात आवाज बंद करून बोलायचा. नुसते ओठ हलवायचा आणि ती खदखदून हसायची. शेजारच्यांना वाटे, बाई एकटीच हसते, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

म्हणजे जगात एकच माणूस असं होतं, की जे दिवसभर त्याच्या तोंडाकडेच बघत असे.

तो तोंडाशी हात नेऊन बोलू लागला. मिशा वाढवल्या. बोलताना भांड्यांत वाकू लागला. मग एकदा संध्याकाळी तिने त्याचा हात धरून खाली केला.

"अहो, तुमचे शब्द लंगडतायत."

"लंगडायला ते काय घोडे आहेत?"

"थट्टा नको. डावीकडून तोंड वाचवून बोलताय तुम्ही. नि जेवताना तिखट बाजूला सारता. उघडा बघू तोंड."

त्याने तोंड उघडलं नाही. पण ओठांनी साथ दिली. तो सावकाश, नीट म्हणाला, "अगं, रोज डॉक्टरबाई बघतात की!"

"रोज?"

"रोज. दिवा लावून. अख्ख्या गर्दीसमोर."

शब्द न् शब्द खरा होता. तिचा चेहरा सैल पडला. "हो, तेही खरंच," ती म्हणाली आणि हसली. "मीच मेली वेडी. ज्याच्या तोंडात डॉक्टर रोज बघतात, त्याचं मी काय बघणार?" तिने त्याच्या ताटात वाढलं. त्याने घास उचलला. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. खोटं पकडता येतं.

पुढे गाडी मागांच्या शेडवर जायची पाळी आली. दरवर्षी जायची, पण बायको त्या वेळी कामावर असे आणि मागाहून एकटी येऊन तपासून घेऊन जाई; नवऱ्याचा खेळ तिने कधी बघितलाच नव्हता. त्या वर्षी विजेचं काही बिघडलं. माग थांबले. सगळी पाळी फाटकाबाहेर आली, कपड्यांवर सुताची भुरी, केसांत भुरी, आणि अचानक थांबलेल्या आवाजाने सगळ्यांच्या कानांत शांतता भणभणत होती. बायको पहिल्या रांगेत उभी राहिली. भोंग्याने तिला बघितलं आणि स्टुलाकडे जाताना तो मधेच थांबला. पण परतीची वाट कुठे? बाईंनी दिवा लावला होता.

"मामा, जीभ डावीकडे."

त्याने नेली. बाईंनी आरसा घातला, गर्दीकडे बघत बोलू लागल्या. "ही गालाची आतली बाजू..." लोकांना नीट ऐकू जावं म्हणून त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला होता. बायको बघत होती. आधी नवऱ्याच्या तोंडाकडे. मग बाईंच्या डोळ्यांकडे. मग पुन्हा तोंडाकडे. आणि भोंग्याने तिचा चेहरा बदलताना बघितला. पाटी पुसावी तसं त्यावरचं सगळं पुसलं गेलं.

तिने आवाज काढला नाही. काढायची तिला सवयच नव्हती. तिचे ओठ हलले.

'दुसरी बाजू.'

भोंग्याने नजर वळवली. ती पुन्हा म्हणाली. 'दुसरी बाजू दाखवा.'

पण ती शेडची माणसं होती. तिच्या शेजारणीने वाचलं. पलीकडचीने वाचलं. एकीने विचारलं, 'काय झालं?' ही ओठांनी म्हणाली, 'दुसरी बाजू लपवतायत हे.' आणि बघता बघता ती सगळी रांग, मागची रांग, बाया, पुरुष, भुरीने पांढरे झालेले सगळे ओठ हलू लागले. कुठेही आवाज नाही. फाटकाबाहेर एवढी माणसं, आणि एक पान पडलं तर ऐकू यावं इतकं शांत. फक्त ओठ. 'दुसरी बाजू. दुसरी बाजू.'

सिस्टर बाईंच्या कानाशी लागली. "बाई, ही माणसं काय पुटपुटतायत? मला भीती वाटतेय हं."

बाईंना काही कळेना. त्या बोलतच राहिल्या, "...आणि ही जिभेची कड. निरोगी माणसाची कड बघा कशी स्वच्छ..."

भोंग्याच्या मनात आलं, अजूनही निभावेल. तोंड मिटावं, उठावं, म्हणावं गाडी गरम झाली. त्याने बायकोकडे बघितलं. तिचे ओठ आता थांबले होते. ती रडत नव्हती, रागावलेली नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

त्याने जीभ उजवीकडे वळवली.

बाईंच्या आरशाला जीभ लागली तशी त्यांनी सवयीने खाली बघितलं, ती पुन्हा डावीकडे सारायला. आरसा तसाच राहिला. दिवा त्यांनी हाताने खाली ओढला. मग त्या अगदी हळू, सिस्टरलाही ऐकू गेलं नाही इतकं हळू, स्वतःशीच काही म्हणाल्या.

त्यांना वाटलं, कुणाला कळलं नाही. पण त्यांचा मास्क खाली होता आणि समोर मागाची शेड उभी होती. बाई म्हणाल्या होत्या, 'अरे देवा.' आणि ते सगळ्या फाटकाने वाचलं.

"कधीपासून, मामा?" बाईंनी विचारलं. कुठपासून मोजायचं ते भोंग्यालाच आता ठाऊक नव्हतं. बाईंनी हातमोज्यातली बोटं त्याच्या जबड्याखाली फिरवली. एका जागी थांबवली. पुढे नेली, पुन्हा त्याच जागी आणली. तिथे कातडीखाली वाटाण्यासारखं काही होतं, घट्ट, न हलणारं. ते त्यालाही माहीत नव्हतं.

"मी रोज इथे उभी होते," बाई म्हणाल्या. "रोज माझा हात तुमच्या तोंडात होता, मामा."

"तुमचा दोष नाही, बाई," तो म्हणाला. "दाखवणारा मीच होतो."

त्या दिवशी रांग कधी नव्हे तेवढी लांब झाली. आणि प्रत्येकजण स्टुलावर बसता बसता म्हणे, "बाई, दोन्हीकडून बघा." भोंगा गाडीच्या पायरीवर बसून होता. माईक त्याच्या मांडीवर होता. पुकारायची काही गरजच नव्हती.

पुढचं सगळं भराभर झालं. जिभेचा तुकडा काढून तपासायला गेला, उत्तर आलं, मोठ्या इस्पितळात तारीख मिळाली. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "अर्धी जीभ तरी जाईल. हाताची कातडी घेऊन तिथे ठिगळ लावू. मानेतल्या गाठी काढू. बोलणं किती राहील, ते आज सांगत नाही." त्याआधीच्या दिवसांत भोंगा घरात आवाज न काढता बोलत राहिला, जेवता जेवता, भांडी पुसता पुसता. आणि बायको वाचत राहिली. ट्रकवरचे किस्से, तिला शंभरदा सांगितलेले. ती एकदाही 'हे ऐकलंय' म्हणाली नाही.

शस्त्रक्रियेनंतर तो जागा झाला तेव्हा गळ्यात नळी होती, तोंडात परकं काही तरी भरल्यासारखं होतं आणि एका हाताला पट्टी. आणि मग दोघांना एक नवीनच गोष्ट कळली. इस्पितळात सगळ्यांच्या तोंडांवर मास्क! डॉक्टर, सिस्टर, झाडूवाला, सगळे. बायकोला कुणाचेच ओठ दिसेनात. तिच्यासाठी ते सगळं इस्पितळ मुकं. त्याला ऐकू येई, पण बोलता येईना. तिला बोलता येई, पण ऐकू येईना. डॉक्टर येऊन सांगून जात आणि ती भोंग्याकडे बघे, "काय म्हणाले?" तो सुजलेल्या ओठांनी सांगे. रोज थोडं थोडं कळत होतं. ओठ होते अजून. काही शब्द नुसत्या ओठांवरही निघत. काही निघत नसत, तिथे ती अंदाज करी, तो मान हलवी, ती दुसरा अंदाज करी. एकदा 'पाणी'चं 'बाई' केलं तिने, आणि हसता हसता त्याच्या गळ्यातल्या नळीतून शिट्टी वाजली. सिस्टरांनी दोघांना रागे भरलं.

नळी निघाली. टाके निघाले. मग एके सकाळी डॉक्टरबाई आल्या. गाडी सोडून मुद्दाम आल्या होत्या. वॉर्डात मास्क काढायला परवानगी नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली, भोंग्याच्या अगदी समोर बसल्या, आणि सगळं त्याला सांगितलं. गाठींचा अहवाल आला होता. मानेतल्या गाठींत ते पोहोचलेलं होतं, एका गाठीतून बाहेरही पसरलं होतं. आता किरणांचे शेक द्यावे लागतील, सोबत औषधंही. तोंड पुन्हा सोलून निघेल, गिळणं पुन्हा अवघड होईल. "आणि मामा," बाई म्हणाल्या, "ते पुरतीलच, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. आधी कळलं असतं तर सांगू शकले असते."

बायको पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिला बाईंचे डोळे दिसत होते, पण डोळे काय, थकलेल्या माणसांचे सगळे सारखेच.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

भोंग्याने बाईंकडे बघितलं. बाई बोलल्या असत्या तरी तिला कळलं नसतं. या खोलीत आता दुसरं कुणी तिला सांगणारं नव्हतं. दोन ओठ हलवले असते, 'बरं आहे, चाललंय', तर तिने रात्री निवांत पाठ टेकली असती. त्याचा चांगला हात उचलला गेला, तोंडापाशी गेला, मिशांवर थांबला. मिशा आता नव्हत्या. शस्त्रक्रियेआधी काढल्या होत्या.

हात खाली आला. तो उशीवर वळला, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येईल असा, आणि तिला सगळं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. गाठी. पसरलंय. शेक. ती पुढे वाकून वाचत होती. मधे मधे मान हलवत होती. शेवटच्या वाक्याला तिच्या कपाळाला आठी पडली.

"एक शब्द कळला नाही," ती म्हणाली. "शेक काय होतील?"

त्याने ओठ ओले केले. तोंडातलं ते ठिगळ अजून त्याचं ऐकत नव्हतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं.